गाडी लागते का?

गुरुवारी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. दुर्बिणीचं, चार छोट्या छिद्रांतून करायचं. ऑपरेशनची मला भीती वाटत नव्हती. भीती होती ती त्यानंतरच्या रात्रीची. अकरा वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली, तेव्हा शुद्धीवर आल्यापासून पहाटेपर्यंत मी ओकत होते. पोटात काही नव्हतंच. नुसता हिरवट, कडू घोट, त्यामागून येणारा उमाळा आणि प्रत्येक उमाळ्याला ताज्या टाक्यांवर बसणारा हिसका. दुसऱ्या दिवशी सिस्टर दुखण्याचं इंजेक्शन घेऊन आल्या, तेव्हा मी हात पांघरुणात ओढून घेतला. या इंजेक्शनानंच ओकारी होते, एवढं मला कळून चुकलं होतं. पुढच्या दोन रात्री मी कळ सोसली. दवाखाना कोणता ते सांगायची गरज नाही. तिथल्या माणसांनी माझं वाईट केलं नाही. त्यांनी मला आधी काही विचारलं नव्हतं, एवढंच.

रविवारी संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या घरी दोघी आल्या होत्या. एक माझी आत्या, शहात्तर वर्षांची. मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या सरकारी दवाखान्यांत तिनं उभ्या आयुष्याची नोकरी केली, आणि आजही कुणी ‘सिस्टर’ अशी हाक मारली की तिची मान आपोआप वळते. दुसरी माझ्या बहिणीची मुलगी, भूलतज्ज्ञ. तिचं एम. डी. घाटीतलं. १९५६ साली सुरू झालेल्या आपल्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला शहरात कुणी पूर्ण नावानं ओळखत नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली, पार बुलढाण्यापासून लोक येतात ते ‘घाटीत’ येतात. मेथीची जुडी पुढ्यात घेऊन दोघी बसल्या आणि माझ्या भीतीवरून त्यांचं जे जुंपलं, ते जेवणं होईपर्यंत चाललं.

आत्या : एवढी घाबरू नकोस गं. त्यांना सरळ सांग, ते अफूच्या जातीचं इंजेक्शन मला देऊच नका. पॅरासिटॅमॉलची बाटली चढवा म्हणावं. थोडं दुखेल. दुखणं माणसाला सोसता येतं, ओकारी नाही सोसता येत. टाके घातलेल्या पोटानं ओकणारी बाई मी पाहिलीय. आम्ही उशी दाबून धरायचो तिच्या पोटावर.

भाची : उशी बरोबरच होती, आजी. अजूनही तेच सांगतो आम्ही. पण ओकारी होते म्हणून औषधच नको, हे काही मला पटत नाही. गोधडीत ऊ सापडली म्हणून कुणी गोधडी फेकून देतं का थंडीत?

आत्या : थंडी सोसवत असेल तर फेकतातही.

भाची : सोसवते असं दिसतं, तेवढंच. पोट दुखतं म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकला आला तर दाबते. छातीत कफ साठतो. उठून चालत नाही, म्हणून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हे सगळं चार दिवसांनी पुढे येतं, आणि तेव्हा त्याचा संबंध त्या रात्रीच्या सोसण्याशी कुणी लावत नाही. मावशीनं दोन रात्री कळ काढली. का? दुखत नव्हतं म्हणून नाही. तिच्यापुढे दोनच रस्ते होते: दुखून घे नाहीतर ओकून घे. माझं भांडण त्या निवडीशी आहे. ती निवड रुग्णावर यायलाच नको.

मी मेथी निवडायची थांबले. अकरा वर्षांत हे मला कुणी अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आत्या मात्र सहजासहजी हलणारी नाही. तिच्या काळात फोर्टविन आणि फेनार्गन ही जोडी वॉर्डात चालायची: एक दुखण्यावर, दुसरं ओकारी दाबायला आणि झोप आणायला. दोन्ही एका सिरिंजमध्ये भरायचं, रुग्ण सकाळपर्यंत गप्प.

भाची : गप्प, हो. पण झोपलेला रुग्ण म्हणजे दुखायचा थांबलेला रुग्ण नव्हे. फेनार्गननं ओकारी दबते हे खरंच. पण म्हाताऱ्या माणसाला त्याची इतकी गुंगी येते की नंतर श्वासावर लक्ष ठेवत बसावं लागतं. शिवाय शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते.

आत्या : ते मला सांगू नकोस. तसा एक हात मी पाहिलाय.

थोडा वेळ दोघी गप्प होत्या. मग भाचीनं वेगळीच सुरुवात केली. मला म्हणाली, “मावशी, चार प्रश्न विचारते. तू बाई आहेस, हा पहिला. त्याचं उत्तर माहीतच आहे. विडी-सिगारेट ओढत नाहीस, हा दुसरा. ऑपरेशननंतर तुला अफूच्या जातीचं औषध लागणार, हा तिसरा. आता चौथा. तुला गाडी लागते का?”

मला गाडी लागते. लहानपणी मामाकडे चाळीसगावला जाताना कन्नडच्या पुढे औट्रम घाट सुरू झाला की आई पिशवीतून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरायची. एस.टी.च्या खिडकीची जागा मला मिळावी म्हणून ती अनोळखी माणसांना विनवायची. आजही मी मोटारीत मागे बसू शकत नाही.

“झाले चारपैकी चार,” भाची म्हणाली.

१९९९ साली आप्फेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिनलंड आणि जर्मनीतल्या रुग्णांच्या नोंदींवरून हा साधा हिशेब मांडला. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. एकही गुण नसेल तर शंभरातल्या साधारण दहाजणांना ऑपरेशननंतर मळमळ किंवा उलटी होते. एका गुणाला वीस, दोनाला चाळीस, तीनाला साठ, चाराला ऐंशी. चौथ्या प्रश्नात दोन गोष्टी येतात: आधीच्या ऑपरेशननंतर ओकारी झाली होती का, आणि गाडी लागते का. माझ्या बाबतीत दोन्ही होत्या. रक्त तपासायचं नाही, कुठलं यंत्र नाही, एक पैसा खर्च नाही.

आत्या : म्हणजे आपल्याकडची प्रत्येक बाई टेबलावर चढायच्या आधीच दोन गुण घेऊन येते की. विडी ओढणाऱ्या बायका किती मिळतील? पण मिश्री लावणाऱ्या ढीगभर. तिचं काय?

भाची : त्यात फक्त धुराचा हिशेब आहे. मिश्रीवालीला मी ‘ओढत नाही’ असंच धरते.

आत्या : मग दोन आलेच. दुखण्याचं इंजेक्शन दिलं की तीन. शंभरात साठ! आणि आम्ही म्हणायचो, ‘ही फार नाजूक आहे.’

ती हे मोठ्यानं म्हणाली आणि मग हातातल्या काडीकडे बघत राहिली. माझ्या मते त्या संध्याकाळची खरी कलाटणी हीच होती. ‘नाजूक’ हा शब्द मीही ऐकलाय, माझ्याबद्दल, त्याच रात्री, दाराबाहेरून. आपल्या भागातल्या बायकांवर होणाऱ्या ऑपरेशनांत सिझेरियन, गर्भपिशवी, कुटुंबनियोजन यांचाच भरणा असतो. म्हणजे ज्यांना ओकारी होण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच आपल्या वॉर्डांत झोपलेल्या असतात. आणि तक्रार न करण्याचं वळण सर्वांत जास्त त्यांनाच लागलेलं असतं.

आत्या : बरं, मान्य. गुण मोजले. पुढे काय? ओकली तर द्या की उलटीचं इंजेक्शन. न ओकणाऱ्या वीसजणींना उगाच कशाला टोचायचं?

भाची : कारण सुरू झालेली ओकारी थांबवणं अवघड असतं, न होऊ देणं सोपं. आता बघा, आपल्या शहराला दरवाजे किती?

आत्या : बावन्न म्हणायचे. आता उरलेत किती कोण जाणे.

भाची : ओकारीला बावन्न नाहीत, पण चार-पाच आहेत. मेंदूच्या तळाशी एक ठिकाण आहे. मेंदूला रक्तातल्या विषापासून जपणारी जी भिंत असते, ती तिथे मुद्दाम विरळ असते. रक्तात काही विषारी आलं का, हे चाखायचं त्याचं काम. अफूचं सत्त्व त्याला विषच वाटतं. हा एक दरवाजा. दुसरा आतड्यांतून. ही औषधं आतडी मंद करतात, पोट साचून राहतं, तिथून वर निरोप जातो. तिसरा कानाच्या आतल्या भागातून, तोल सांभाळतो तो. आणि चौथा मनातून: वास, भीती, मागच्या वेळची आठवण. तुम्ही पैठण गेटवर पहारा बसवला तर माणसं दिल्ली गेटनं आत येतील. म्हणून एकाच इंजेक्शनावर विसंबून चालत नाही.

आत्या : तिसरा पुन्हा सांग. कानाचा.

भाची : मॉर्फिनसारख्या औषधानं आतला कान हळवा होतो. पडून असताना बरं वाटतं. हलवलं की ढवळून येतं.

आत्या : म्हणजे गाडी लागल्यासारखंच!

भाची : अगदी तेच. ज्यांना गाडी लागते त्यांना हे जास्त होतं, ते उगाच नव्हे.

आत्या : मग मी तुला एक सांगते. थिएटरातून रुग्ण बाहेर आला की ट्रॉली ओढणाऱ्यांना मी ओरडायची, वळणावर हळू! पाय पुढे ठेवून न्या, लिफ्टच्या उंबऱ्यावर आदळू नका. खाटेवर घेताना चादरीसकट एका दमात उचला, सतरा वेळा हलवू नका. मला कुणी शिकवलं नव्हतं हे. बघून बघून कळलं होतं की ट्रॉली गदगद हलली की वॉर्डात पोचेपर्यंत ट्रे लागतो.

भाचीनं हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, “आजी, जॉन स्नो नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४८ साली हेच लिहून ठेवलंय. भूल नुकतीच सुरू झाली होती तेव्हा. ऑपरेशननंतर लगेच हलवलेला रुग्ण जास्त ओकतो.”

इथे मला आपल्याच मुलखातली एक गोष्ट आठवली. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं त्या काळी, १८८८ आणि १८८९ साली, हैदराबादला क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा त्यात पुढाकार होता आणि दुसऱ्या आयोगाला निजामानं पैसे दिले होते. वाद असा की क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो श्वास आधी थांबून की हृदय आधी थांबून. त्याच हैदराबादेत डॉ. रुपाबाई फर्दुनजी भूल देत असत. जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात, आणि माझ्या भाचीला त्याचा फार अभिमान आहे. त्या काळी भूल देण्यात जिवाचाच प्रश्न होता. ओकारीला कोण विचारणार? माणूस जागा झाला हेच पुष्कळ होतं. मला वाटतं, त्या काळची ती सवय अजून पुरती गेलेली नाही. ‘ऑपरेशन चांगलं झालं, थोड्या उलट्या होतील’ हे वाक्य आजही किती सहज बोललं जातं! अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९९९ साली ऑपरेशनआधी रुग्णांनाच विचारलं होतं, शुद्धीवर आल्यावर तुम्हाला सर्वांत नको असलेली गोष्ट कोणती? पहिली आली उलटी. जखमेचं दुखणं तिच्याखाली होतं. म्हणजे आत्याचं पहिलं वाक्य अगदीच चूक नव्हतं. चूक होता तो त्यावरचा तोडगा.

तर, दरवाजे बंद कसे करायचे. भाचीनं ते असं सांगितलं. डेक्सामेथासोन भूल देतानाच, सुरुवातीला द्यायचं, कारण त्याचा गुण यायला वेळ लागतो. ऑन्डान्सेट्रॉन ऑपरेशन संपत आल्यावर. हे मुळात आलं कर्करोगाच्या केमोथेरपीतल्या ओकाऱ्यांसाठी. आता आमखास मैदानाजवळच्या कर्करोग रुग्णालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे असतं. तिसरं, हॅलोपेरिडॉलसारखं औषध अगदी थोड्या मात्रेत. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ५,१९९ रुग्णांवरची मोठी चाचणी आली. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि हॅलोपेरिडॉलच्याच जातीचं ड्रोपेरिडॉल या तिन्हींपैकी प्रत्येकानं ओकारीचा धोका साधारण पाव हिश्श्यानं, म्हणजे २६ टक्क्यांनी कमी केला. आणि हे पाव हिस्से एकावर एक बसत गेले.

“म्हणजे तुझे ऐंशी,” ती पाठकोऱ्या कागदावर लिहीत म्हणाली, “एका औषधानं साठाच्या खाली. दुसऱ्यानं चव्वेचाळीस. तिसऱ्यानं बत्तीस. शिवाय नाकानं द्यायच्या वायूऐवजी भूल शिरेतून, प्रोपोफॉलनं ठेवली तर आकडा आणखी उतरतो.”

आत्या : बत्तीस म्हणजेही शंभरातल्या बत्तीसजणी ओकल्याच की.

भाची : हो. म्हणून नुसती उलटीची औषधं वाढवत जायचं नाही. अफूचं औषध कमी लागेल अशी सोय करायची. पॅरासिटॅमॉल तुम्ही म्हणता तेच, पण एकटं नाही. मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर सोबत डायक्लोफेनॅकसारखं. छिद्रांच्या जागी बधिर करायचं औषध, किंवा सोनोग्राफीत बघून पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करायच्या. मग मॉर्फिन किंवा फेन्टानिल उरलेल्या दुखण्यापुरतं. ते जेवढं कमी, तेवढी ओकारी कमी. तुम्ही म्हणालात तसं ‘देऊच नका’ नव्हे. ‘लागेल तेवढंच द्या, पण लागेल तेव्हा द्या.’

आत्या : आणि हा सगळा खर्च?

भाची : डेक्सामेथासोन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. दोन छोट्या, स्वस्त कुप्या. २०२० साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून केलेल्या शिफारशीत एक-दोन गुण असतील तर दोन औषधं, त्याहून जास्त असतील तर तीन-चार, असं आहे. महागडं काहीतरी आहेच, ॲप्रेपिटंट वगैरे. पण सुरुवात तिथून करावी लागत नाही.

मग आत्यानं तिला गाठलं.

आत्या : तू थिएटरात दोन औषधं दिलीस. रुग्ण जागा केलास, दहा मिनिटं बघितलंस, वॉर्डात पाठवलंस. तू घरी गेलीस. ओकारी कधी येते? रात्री दीड वाजता. तेव्हा कोण असतं? एक सिस्टर, दोन ओळी खाटा, एक मावशी पुसायला. केस पेपरवर काय लिहिलेलं असतं? ‘ट्रामाडॉल शंभर, गरज पडल्यास.’ उलटीचं काहीच नसतं. डॉक्टरला फोन करावा तर तो दुसऱ्या ऑपरेशनात. ती सिस्टर घाईत ट्रामाडॉल शिरेत भसकन ढकलते, कारण पलीकडे बाळंतीण ओरडत असते. रुग्ण पाचव्या मिनिटाला भडाभडा ओकतो. मग सिस्टरला बोल कुणी लावायचे? तुझे गुण कुठे गेले तेव्हा?

भाची लगेच बोलली नाही. मला तिचं कौतुक वाटलं ते याचसाठी की तिनं आकड्यांचा आडोसा घेतला नाही.

भाची : गुण माझ्या कागदावर राहतात. वॉर्डाच्या कागदावर जात नाहीत. खरंय.

आत्या : ट्रामाडॉल आम्ही शंभर मिलीच्या सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात सोडायचो. तेवढ्यानं निम्म्याजणी वाचायच्या.

भाची : सावकाश देणं बरोबरच आहे. आणि ट्रामाडॉलची आणखी एक गोम आहे. ऑन्डान्सेट्रॉन ज्या वाटेनं ओकारी अडवतं, त्याच वाटेनं ट्रामाडॉल थोडंफार दुखणं थांबवत असतं. दोन्ही एकत्र दिली की काही रुग्णांना ट्रामाडॉल जास्त लागतं असं चाचण्यांत दिसलंय. म्हणजे दुखणं राहतं, पुन्हा ट्रामाडॉल, पुन्हा ओकारी.

आत्या : मग देता कशाला?

भाची : कारण बऱ्याच छोट्या दवाखान्यांत दुसरं काही नसतं.

हे खरं आहे, आणि त्यामागे मोठी कथा आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचच्या आसपास, सरकारी परवान्यानं अफू पिकते. तिचं सत्त्व काढायचे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. पण १९८५ चा अमली पदार्थ कायदा आला आणि परवाने, नोंदवह्या, शिक्षेची धास्ती यामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक अमली औषधां’साठी वाट सोपी केली गेली, मॉर्फिन आणि फेन्टानिल त्यात आहेत. मोठ्या रुग्णालयांत ती मिळतातही. पण हात एकदा आखडला की लवकर सैल होत नाही. ट्रामाडॉल तेवढी वर्षं मोकळं होतं, म्हणून सगळीकडे रुजलं. २०१८ मध्ये तेही त्याच कायद्याखाली आलं. ज्या देशात अफू पिकते, त्या देशातल्या बाईला ऑपरेशनच्या रात्री नीट वेदनाशमन मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेवताना वाद निवळला, पण संपला नाही. आता आत्या सांगत होती आणि भाची लिहून घेत होती. रुग्ण जागा झाला की नातेवाईक पाणी पाजायची घाई करतात, चहा आणतात, शेजारच्या खाटेवर कुणी तेलकट डबा उघडतं. आत्या त्या वेळी आधी खिडकी उघडायची, मग डबा बंद करायला लावायची. उशाकडची बाजू थोडी वर करायची. ‘ओकारी येतेय का’ असं दर पाच मिनिटांनी विचारायचं नाही, विचारलं की येते. आणि औषध येईपर्यंत स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून सावकाश श्वास घ्यायला लावायचा.

“ते तर तपासून पाहिलंय!” भाची म्हणाली. “परदेशात तातडीच्या विभागांत चाचण्या झाल्या. स्पिरिटच्या बोळ्याच्या वासानं मळमळ लवकर उतरते असं दिसलं.”

“आमच्याकडे चाचणी नव्हती, बोळा होता,” आत्या म्हणाली. पण ती खूश झाली होती.

मग भाचीनं माझा हात घेतला. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन ताठ दोऱ्या लागतात त्यांच्या मधोमध अंगठा दाबला. चीनच्या जुन्या वैद्यकातली ही जागा, म्हणाली. तिथे दाब दिल्यानं ओकारी कमी होते हे कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात आलंय. इंजेक्शनाऐवजी नाही, इंजेक्शनासोबत. आत्यानं लगेच स्वतःच्या मनगटावर दाबून पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या हातावर.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. आत्याचं म्हणणं, तीन-तीन औषधं सगळ्यांना सरसकट नकोत. साखर असलेल्या बाईला डेक्सामेथासोन दिलं की दुसऱ्या दिवशी तिची साखर वर जाते आणि ती बघायला पुन्हा वॉर्डातली सिस्टरच असते. ऑन्डान्सेट्रॉननं डोकं दुखतं, शौचाला होत नाही, आणि अफूच्या औषधानं ती आधीच अडलेली असते. भाचीचं म्हणणं, साखर मोजता येते, बद्धकोष्ठावर औषध आहे. पण पहिल्या रात्री ओकून इंजेक्शन नाकारलेली बाई परत हात पुढे करत नाही. मला भाचीचं पटलं. मी तो हात मागे घेतलेला आहे, म्हणून कदाचित. पण साखर असलेल्या माझ्या जावेला विचारलं तर ती आत्याच्या बाजूनं बोलेल, आणि तिचंही चुकणार नाही.

निघताना भाचीनं पाठकोरा कागद माझ्याकडे दिला. वर माझे चार गुण. खाली तिनं आत्याच्या सांगण्यावरून लिहिलेलं: वॉर्डाच्या कागदावर उलटीचं औषध आधीच लिहून ठेवा. थिएटरात दिलेलंच औषध सहा तासांच्या आत परत देऊ नका, दुसऱ्या जातीचं द्या. दुखण्याचं इंजेक्शन सावकाश. ट्रॉली हळू. शेवटचे दोन शब्द आत्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिले होते.

बुधवारी दुपारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ तपासायला आले. तरुण होते, घाईत होते, पण नीट बोलत होते. रक्तदाब, साखर, दमा, कशाची ॲलर्जी, हलणारे दात, मान किती मागे जाते, आधीची ऑपरेशनं. “आधी भूल दिली तेव्हा काही त्रास?” त्यांनी विचारलं. अकरा वर्षांपूर्वी मला हा प्रश्न कुणी विचारला असता, तर मी ‘नाही’ म्हणाले असते. ओकारी हा त्रास आहे, असं तेव्हा वाटतच नव्हतं. ते पुढच्या रकान्याकडे वळणार होते.

“मला गाडी लागते,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. “कितपत?”

“औट्रम घाटात अर्ध्यावर,” मी म्हणाले. “आणि मागच्या ऑपरेशनच्या रात्री पहाटेपर्यंत. दुखण्याचं इंजेक्शन मी नाकारलं होतं.”

त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि कागदाची पाठची बाजू उलटून लिहायला लागले.